रिपोर्ट येईपर्यंत पेशंट घरी पोहोचलेला असतो! जुन्नर-आंबेगावच्या वाड्यांपर्यंत स्वस्त आणि झटपट टेस्ट नेणं इतकं अवघड का आहे?

पुण्याहून नाशिक हायवेला लागलं की साधारण साठ किलोमीटरवर मंचर येतं, त्याच्या पुढे नारायणगाव. हायवेच्या कडेचा हा पट्टा म्हणजे ऊस, द्राक्षं, टोमॅटो आणि दूध. इथे कुणाला ताप आला, तर दवाखाना जवळ आहे आणि रक्त तपासायला लॅबही आहे.

पण याच दोन तालुक्यांची दुसरी बाजू बघायची असेल तर हायवे सोडून पश्चिमेला वळावं लागतं. आंबेगावात घोडेगाव, डिंभे धरण, तळेघर, अडिवरे करत आहुपेपर्यंत. जुन्नरमध्ये आपटाळे करत नाणेघाटाच्या बाजूला. इथे गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजाची वस्ती. पावसाळ्यात भात, पुढे हिरडा गोळा करायचा आणि हाताला काम नसेल तेव्हा मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूला उतरायचं. ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळून १५१ जणांचा जीव गेला ते माळीण याच पट्ट्यातलं. पावसात इथला रस्ता किती भरवशाचा असतो, ते वेगळं सांगायला नको.

आता समजा, अशा एखाद्या वाडीतल्या बाईला तीन दिवसांपासून ताप आहे. तो मलेरिया आहे, डेंग्यू आहे, लेप्टो आहे की अजून काही, हे ठरवायचं कसं?

उत्तर सोपं वाटतं. टेस्ट करा. पण ती टेस्ट कुठे होणार, रिपोर्ट कधी येणार आणि तोवर ती बाई कुठे असणार, या तीन प्रश्नांवर सगळा खेळ अडतो.

ताप सारखाच, आजार वेगळा

पावसाळी तापांची गंमत म्हणजे सुरुवातीला सगळे एकसारखेच दिसतात. अंग दुखतं, डोकं ठणकतं, थंडी वाजते. पण उपचार मात्र वेगळे असतात. मलेरियाला मलेरियाचंच औषध लागतं. भाताच्या चिखलात काम करणाऱ्यांना होणारा लेप्टो आणि गवताळ भागातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस, हे दोन्ही वेळेत ओळखले तर साध्या अँटिबायोटिकने बरे होतात, पण उशीर झाला तर किडनी-फुप्फुसावर जाऊ शकतात. डेंग्यूला असं खास औषधच नाही, तिथे लक्ष ठेवणं महत्त्वाचं. आणि अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढवतात.

नुसतं बघून आजार ओळखणं किती अवघड आहे, याचं उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये तापाचे बरेच पेशंट निघाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची म्हणजे एनआयव्हीची टीम बेलसर आणि परिंचे भागात गेली. ४१ जणांचे नमुने घेतले. त्यात २५ जणांना चिकुनगुनिया निघाला, तिघांना डेंग्यू आणि एका महिलेला झिका. महाराष्ट्रातली झिकाची ती पहिली नोंद.

म्हणजे एकाच भागात, एकाच आठवड्यात, एकसारखा दिसणारा ताप आणि मागे तीन वेगवेगळे व्हायरस. हे कळलं, कारण टीम गावात गेली आणि पुण्यात देशातली एक मोठी लॅब होती. पण प्रत्येक वाडीतल्या प्रत्येक तापासाठी एनआयव्हीची टीम येऊ शकत नाही. मग वाडीत काय पोहोचू शकतं?

नमुना निघतो, पण रिपोर्ट परत येईपर्यंत...

सरकारी आरोग्य व्यवस्थेची एक उतरंड आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात साधारण ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, वर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय. केंद्र सरकारच्या मोफत तपासणी योजनेत उपकेंद्रावर १४ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रावर ६३ प्रकारच्या तपासण्यांची यादी आहे. केंद्रावर जे होत नाही, त्याचा नमुना घेऊन मोठ्या लॅबकडे पाठवायचा, अशी पद्धत.

कागदावर हे नीट बसतं. अडचण येते ती दिवसांच्या हिशेबात.

पेशंट सकाळी एसटी किंवा जीप पकडून केंद्रावर येतो. रक्त देतो. "रिपोर्ट आला की या" असं सांगितलं जातं. म्हणजे परत एकदा तिकीट, परत एक दिवसाची मजुरी बुडणार. ताप थोडा उतरलेला असेल तर तो येतच नाही. लावणीचे दिवस असतील तर नाहीच नाही. आणि मजुरीसाठी खाली उतरला असेल, तर रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊनही त्याला शोधायचं कुठे?

म्हणजे टेस्ट झाली, पैसे खर्च झाले, रिपोर्टही बरोबर आला, पण उपचार झाले नाहीत. वाडीच्या दृष्टीने ही टेस्ट झालीच नाही.

म्हणूनच दुर्गम भागासाठी टेस्ट बनवणारे लोक "किती अचूक?" इतकाच एक प्रश्न विचारून थांबत नाहीत. पेशंट समोर बसलेला असतानाच उत्तर मिळेल का, हे त्यांना आधी बघावं लागतं.

पट्टीवरच्या त्या दोन रेघा येतात कशा?

कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेली रॅपिड टेस्ट आठवते? थेंब टाकायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, एक रेघ आली तर निगेटिव्ह, दोन आल्या तर पॉझिटिव्ह. प्रेग्नन्सी टेस्टही याच जातीची. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये अशी एका टप्प्यात होणारी घरगुती प्रेग्नन्सी टेस्ट बाजारात आली आणि नंतर हेच तंत्र मलेरिया, एचआयव्ही, डेंग्यू अशा कितीतरी आजारांसाठी वापरलं गेलं.

आतलं काम समजून घ्यायला सोपं आहे. पट्टीच्या आत टिपकागदासारखा एक पापुद्रा असतो. त्याच्या एका टोकाला सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. इतके बारीक झाले की सोनं पिवळं दिसत नाही, लालसर दिसतं. या कणांना अँटिबॉडी चिकटवलेल्या असतात. रक्ताचा थेंब पडला की तो कणांना घेऊन पुढे सरकतो. रक्तात त्या आजाराचं प्रथिन असेल तर ते कणांना चिकटतं. पुढे टेस्टच्या रेघेवर त्याच प्रथिनाला पकडणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडी वाट बघत असतात. तिथे सगळं अडकतं, सोन्याचे कण जमा होतात आणि लाल रेघ दिसते.

दुसरी रेघ असते कंट्रोलची. द्रव शेवटपर्यंत पोहोचला आणि पट्टी चालू आहे, एवढंच ती सांगते. ही रेघ आली नाही तर टेस्ट बाद, मग बाकी काहीही दिसो.

वीज नको, मशीन नको, फ्रीज नको. बोटाला टोचून घेतलेला एक थेंब पुरतो. मलेरियाची अशी किट आशाताई स्वतः वापरतात. ताप आलेल्या माणसाच्या दारात उभं राहून पाव तासात मलेरिया आहे की नाही, ते कळतं. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात या पट्टीचं मोल किती आहे, ते तिथल्या आशाताईंना विचारावं.

मग सगळ्याच आजारांसाठी पट्टी का नाही?

कारण प्रत्येक आजार शरीरात वेगळ्या वेळी, वेगळ्या ठिकाणी सापडतो.

डेंग्यूचंच बघा. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात व्हायरसचं एनएस-१ नावाचं प्रथिन असतं. नंतर ते कमी होत जातं आणि शरीराने बनवलेल्या आयजीएम अँटिबॉडी दिसायला लागतात. दुसऱ्या दिवशी आयजीएमची टेस्ट केली तर ती निगेटिव्ह येणार, आठव्या दिवशी एनएस-१ ची केली तर तीही निगेटिव्ह येऊ शकते. पेशंटला डेंग्यू असतोच, फक्त टेस्ट चुकीच्या दिवशी केलेली असते. म्हणून "ताप कधीपासून आहे?" हा डॉक्टरांचा प्रश्न टेस्टइतकाच महत्त्वाचा.

याच कारणाने आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात नुसत्या रॅपिड पट्टीवर डेंग्यू पक्का धरत नाहीत, लॅबमधली एलायझा टेस्ट लागते. १९५२ मध्ये सुरू झालेली पुण्याची एनआयव्ही डेंग्यू आणि चिकुनगुनियाची एलायझा किट स्वतः बनवते आणि ती देशभरातल्या सरकारी लॅबना जातात. किट पुण्यात बनतं, पण ते चालवायला लॅब, मशीन आणि टेक्निशियन लागतो. म्हणजे पुण्याहून निघालेलं किट डोंगरातल्या वाडीच्या बरंच अलीकडे थांबतं.

मलेरियाच्या पट्टीलाही मर्यादा आहेत. बऱ्याच पट्ट्या परजीवीचं एचआरपी-२ नावाचं प्रथिन शोधतात. उपचार होऊन परजीवी मेला तरी हे प्रथिन काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे बरा झालेला माणूसही पॉझिटिव्ह दिसू शकतो. उलट पेरू आणि आफ्रिकेतल्या एरिट्रियामध्ये असे परजीवी सापडले ज्यांच्यात हे प्रथिन बनवणारं जनुकच नाही. पट्टी शोधत राहते आणि परजीवी निसटून जातो.

टीबीची गोष्ट आणि गोव्याचं मशीन

सगळ्यात अवघड आजार म्हणजे टीबी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात सुमारे २८ लाख लोकांना टीबी झाला, म्हणजे जगातल्या प्रत्येक चार पेशंटमागे एक आपला.

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये मायक्रोस्कोपखाली दाखवला. त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षं गावोगावची मुख्य टेस्ट तीच राहिली. थुंकी काचेवर घ्यायची, रंग द्यायचा आणि डोळ्यांनी जंतू शोधायचे. स्वस्त आहे, पण एक मिलीलीटर थुंकीत हजारो जंतू असतील तेव्हाच ते दिसतात. त्यामुळे बरेच पेशंट निसटतात. औषधांना दाद न देणारा टीबी तर यात कळतच नाही.

डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्सपर्ट या मशीनला मान्यता दिली. आपल्याकडे याला सीबीनॅट म्हणतात. हे थेट टीबीच्या जंतूचा डीएनए शोधतं आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का, तेही सांगतं. वेळ साधारण दोन तास. पण त्याला चांगली, न जाणारी वीज आणि थंड खोली लागते. म्हणजे ते जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी बसणार. वर एका टेस्टच्या कार्ट्रिजची किंमत गरीब देशांसाठी २०१२ पासून ९.९८ डॉलर होती. हे पाच डॉलरला परवडू शकतं, असं म्हणत डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि इतर संघटनांनी कंपनीवर दबाव आणला, तेव्हा कुठे २०२३ मध्ये ती ७.९७ डॉलर झाली.

इथे गोष्टीत गोवा येतो. गोव्याची मोलबायो ही कंपनी आणि बेंगळुरूची बिगटेक लॅब यांनी मिळून ट्रूनॅट नावाचं मशीन बनवलं. विचार साधा होता. लॅब गावात नेता येत नसेल तर मशीनच इतकं लहान करायचं की ते गावात जाईल. ट्रूनॅट टेबलावर मावतं, बॅटरीवर चालतं, एसीची खोली मागत नाही. डीएनए वेगळा करायला एक छोटं यंत्र आणि तो तपासायला दुसरं. त्यात एक छोटी चिप बसवायची. साधारण तासाभरात टीबी आहे की नाही ते कळतं आणि पॉझिटिव्ह असेल तर अजून तासाभरात औषधाला दाद देतो का ते.

२०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रूनॅटची शिफारस केली. त्याच वर्षी कोविड आला आणि हीच मशीन चिप बदलून कोविडसाठीही वापरली गेली. उद्या नवा आजार आला तर मशीन तेच, फक्त चिप वेगळी.

आता तुम्ही म्हणाल, तासाभराने असा काय फरक पडतो? फरक हा की पेशंट तासभर केंद्राच्या ओट्यावर थांबू शकतो, चार दिवस नाही. तो रिपोर्ट आणि औषध घेऊनच परत जातो. टीबीत हा एक दिवस त्याच्या घरातल्या बाकीच्यांनाही वाचवतो. कारण औषध सुरू होईपर्यंत तो एकाच खोलीत सगळ्यांसोबत झोपत आणि खोकत असतो.

पुण्यात बनलेली कोविडची किट

स्वस्त टेस्ट आपल्याकडे बनू शकते का, या प्रश्नाचं उत्तर २०२० मध्ये पुण्यानेच दिलं होतं. मायलॅब या कंपनीतल्या विषाणूतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले आणि त्यांच्या टीमने सहा आठवड्यांत देशी आरटी-पीसीआर किट तयार केली. मार्च २०२० मध्ये तिला मान्यता मिळाली. बाहेरून येणाऱ्या किटच्या साधारण पाव किमतीत ती उपलब्ध झाली. मीनल यांची त्याच दिवसांत प्रसूती झाली, ही बातमी तेव्हा सगळ्यांनी वाचलीच असेल.

पुढे मे २०२१ मध्ये याच कंपनीच्या कोविसेल्फ या घरी करायच्या टेस्टला आयसीएमआरने परवानगी दिली. किंमत २५० रुपये. पण टेस्ट केल्यावर निकाल मोबाइल अ‍ॅपवर भरायचा होता. शहरात ही सोय होती. डोंगरात, जिथे मोबाइलला रेंज मिळवायला टेकाड चढावं लागतं, तिथे तोच अडथळा ठरू शकतो. आणि २५० रुपये एका माणसाचे. घरात सहा जण असतील तर हिशेब तुम्हीच करा.

स्वस्त म्हणजे चांगली, असं नाही!

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. चुकीची टेस्ट ही टेस्ट नसण्यापेक्षा वाईट असते.

टीबीसाठी रक्तातल्या अँटिबॉडी शोधणाऱ्या टेस्ट एकेकाळी आपल्याकडच्या खासगी लॅबमध्ये जोरात चालायच्या. झटपट आणि सोप्या. पण त्या भरवशाच्या नव्हत्या. टीबी नसलेल्यांना औषधं सुरू व्हायची आणि असलेले मोकळे फिरायचे. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असं सांगितलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. एप्रिल २०२० मध्ये बाहेरून आणलेल्या कोविडच्या रॅपिड अँटिबॉडी किटचे निकाल जुळेनात, तेव्हा आयसीएमआरला राज्यांना त्या वापरणं थांबवायला सांगावं लागलं.

आणि टेस्ट चांगली असली तरी ती कुणाची करतो यावर तिचा भरवसा ठरतो. एक हिशेब करून बघू. समजा एक टेस्ट १०० आजारी लोकांपैकी ९० जणांना पकडते आणि १०० निरोगी लोकांपैकी ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. ऐकायला छान आहे.

आता १,००० लोकांच्या गावात फक्त १० जण आजारी आहेत आणि आपण सरसकट सगळ्यांची टेस्ट केली. १० पैकी ९ सापडतील. पण ९९० निरोगी लोकांपैकी सुमारे ५० जण चुकून पॉझिटिव्ह येतील. म्हणजे ५९ पॉझिटिव्हमध्ये खरे आजारी फक्त ९.

हीच टेस्ट साथ असताना फक्त ताप आलेल्या १,००० लोकांची केली आणि त्यात ३०० खरोखर आजारी असतील, तर २७० खरे पॉझिटिव्ह आणि ३५ खोटे. टेस्ट तीच, पण आता तिचा शब्द बराच खरा.

म्हणून किटचे बॉक्स नुसते वाटून काम होत नाही. कुणाची, कधी आणि कशासाठी टेस्ट करायची, हे ठरवणारा माणूस सोबत लागतो.

मग चांगली टेस्ट म्हणजे कशी?

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी एक यादी केली आहे. इंग्रजी अक्षरं जोडून तिचं नाव झालं अ‍ॅश्युअर्ड. टेस्ट परवडणारी हवी. आजारी माणसाला सोडणारी नको आणि निरोगी माणसाला उगाच पकडणारी नको. वापरायला सोपी हवी. झटपट आणि दणकट हवी. मोठ्या मशीनशिवाय चालणारी हवी. आणि शेवटी, गरज आहे तिथे पोहोचणारी हवी. पुढे यात दोन गोष्टी जोडल्या गेल्या. नमुना घेणं सोपं हवं आणि निकाल लगेच आरोग्य यंत्रणेला कळायला हवा.

ही यादी जुन्नर-आंबेगावच्या डोंगराला लावून बघा. दणकट म्हणजे काय? भर पावसाळ्यातल्या दमट हवेत पट्टीचं पाकीट फुटलं तर आतली पट्टी बाद होते, उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत बॉक्स तापला तरी तेच. परवडणारी म्हणजे काय? टेस्ट फुकट असली तरी जीपचं भाडं आणि बुडालेली मजुरी पेशंटच्याच खिशातून जाते. सोपी म्हणजे काय? आशाताईला डझनभर रजिस्टर भरून उरलेल्या वेळात, सूचना मराठीत वाचून ती करता आली पाहिजे. आणि पोहोचणारी म्हणजे किट जूनच्या आधी केंद्रावर असलं पाहिजे. रस्ता बंद झाल्यावर आलेलं किट काय कामाचं?

गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच गोष्टी शास्त्रज्ञाच्या हातात नाहीत. पट्टी बनवणारे बनवतात. ती वेळेत मागवणं, नीट साठवणं, आशाताईला शिकवणं, पॉझिटिव्ह आल्यावर औषध जवळ असणं, हे काम व्यवस्थेचं. टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि औषध तालुक्याला असेल, तर आपण फक्त रिपोर्टची वाट बघण्याऐवजी औषधाची वाट बघायला लागलो.

आपल्यासाठी यातलं काय महत्त्वाचं?

तुम्ही या भागातले असाल किंवा तुमचं कुणी तिथे राहत असेल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, ताप आला की तारीख लक्षात ठेवा. कितवा दिवस आहे यावरून कोणती टेस्ट करायची ते ठरतं. दुसरी, पट्टी निगेटिव्ह आली आणि ताप उतरत नसेल किंवा धाप, रक्तस्राव, खूप सुस्ती, लघवी कमी होणं असं काही दिसलं, तर "निगेटिव्ह आहे" म्हणून घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा. तिसरी, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी केंद्रावर थुंकीची तपासणी मोफत होते, तिथे ट्रूनॅट किंवा सीबीनॅट जवळ कुठे आहे ते विचारा. आणि चौथी, मेडिकलमधून किट आणून घरी टेस्ट केली तरी निकाल आशाताईच्या किंवा केंद्राच्या कानावर घाला. तुमचा एक पॉझिटिव्ह म्हणजे वाडीत साथ सुरू झाल्याची पहिली खबर असू शकते.

पुणे जिल्ह्यात विषाणूंची राष्ट्रीय संस्था आहे, किट बनवणाऱ्या कंपन्या आहेत आणि शेजारच्या गोव्यात बॅटरीवर चालणारं मशीन बनतं. तंत्रज्ञान आता लांब राहिलेलं नाही. अंतर उरलंय ते घोडेगाव आणि जुन्नरच्या पुढच्या घाटरस्त्याचं, आणि ते कापायचं काम किटच्या बॉक्ससोबत माणसांनाही करावं लागणार आहे.